गोठ्यात गेलो, कॉलेजात नाही

जून लागला की आमच्या परभणी जिल्ह्यात घरोघरी दोन चिंता बरोबरच येतात. एक पावसाची, दुसरी प्रवेशाची. मृग बरसणार की कोरडा जाणार, आणि बारावी झालेल्या लेकराला कुठं घालायचं. मोंढ्यातल्या बियाण्यांच्या दुकानात घटकाभर उभं राहिलं तर या दोन्ही चिंता एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात. परवा असेच एक गृहस्थ सोयाबीनची पिशवी उलटीपालटी करून पाहत होते. लॉट नंबर पाहिला, उगवणशक्ती 70 टक्के लिहिली आहे ना ते पाहिलं, मुदत पाहिली, शेजारी उभ्या असलेल्या दोघांना 'गेल्या साली कसं उगवलं?' म्हणून विचारलं आणि पक्की पावती मागून घेतली. मग पिशवी खांद्यावर टाकता टाकता मला म्हणाले, "साहेब, पोरीला पुण्याकडच्या एका कॉलेजात घालायचं चाललंय. लई मोठी बिल्डिंग आहे म्हणे. मोबाईलवर फोटो बघितलाय."

मला हसू आलं नाही. या बाबतीत दुसऱ्याला हसण्याचा अधिकार मी फार पूर्वीच गमावला आहे. तो कसा, तेच आज सांगायचं आहे.

मी 38 वर्षं बँकेत काढली. 1981 साली कारकून म्हणून लागलो, चार-पाच वर्षांत अधिकारी झालो आणि 2019 साली निवृत्त झालो. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रविवारी. बाकीचे दिवस कर्जाच्या फायलींत गेले. अधिकारी झालो तो काळ एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा. दुभत्या जनावरांसाठी खेडोपाडी कर्ज वाटायचं होतं. पहिल्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी मला बजावलं, "जनावर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कागदावर सही करायची नाही." मग आम्ही बाजारात जायचो, गोठ्यात जायचो. पशुवैद्य म्हशीचे दात बघून वय सांगायचे. कितवं वेत, पारडू जिवंत आहे का, सकाळचं दूध किती, संध्याकाळचं किती, सगळं विचारायचं. व्यापारी मोठा लबाड. बाजाराच्या दिवशी सकाळची धारच काढायचा नाही आणि तुंबलेली कास दाखवून भाव वाढवायचा. म्हणून दोन्ही वेळची धार समोर काढायला लावायची. मग कानात विम्याचा बिल्ला, आणि तेव्हा कुठं तीन-चार हजारांचं कर्ज.

आता 2004 सालच्या जुलैत या. मी जिल्ह्यातल्याच एका शाखेत व्यवस्थापक होतो. मानवत भागातला एक शेतकरी माझ्यासमोर येऊन बसला. साडेचार एकर जमीन, सगळा कापूस. पंधराएक वर्षांपूर्वी त्याच्या म्हशीचं कर्ज मीच केलं होतं आणि त्यानं ते मुदतीच्या आत फेडलं होतं. या वेळी तो मुलाला घेऊन आला होता. बारावीला चांगले गुण पडले होते आणि चारशे किलोमीटरवरच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळत होता. त्यानं टेबलावर माहितीपत्रक ठेवलं. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठावर कारंजं. इंडियन बँक्स असोसिएशनची शैक्षणिक कर्जाची नमुना योजना 2001 साली आली होती आणि 4 लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं. गुणपत्रिका, प्रवेशपत्र, फीचा तक्ता, बापाची सही. फाईल मी दोन दिवसांत पूर्ण केली. त्या मुलानं माझ्या पाया पडून पेढा दिला. एका गरिबाच्या पोराचं काम लवकर केलं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

त्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी मुख्य विषयांचे दोन प्राध्यापक सोडून गेले आणि परीक्षा आली तरी त्यांच्या जागी कुणी आलं नाही. कार्यशाळा तपासणीच्या दिवशी उघडायची. माहितीपत्रकात नसलेले खर्च दर सहामाहीला निघायचे. मुलाचे विषय राहत गेले. बापानं बैलजोडी विकली. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर मुलगा वळकटी घेऊन गावी परत आला. शिक्षण थांबलं, व्याज थांबलं नाही. 2008 च्या कर्जमाफीत बापाचं थकलेलं पीककर्ज माफ झालं. पण शैक्षणिक कर्ज शेतीकर्जात मोडत नाही, ते तसंच राहिलं.

2009 साली मी वसुलीच्या कामावर पुन्हा त्याच तालुक्यात आलो. कापसाची पट्टी हातात घेऊन तो माणूस हप्ता भरायला आला होता. मी खुर्ची दिली, चहा मागवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, म्हशीच्या टायमाला तुम्ही गोठ्यात आले होते. दात बघितले, दोन्ही टायमाची धार बघितली. कालिजाच्या टायमाला कामून नाही आले?"

आवाजात राग नव्हता, खरोखरच माहिती विचारावी तसं त्यानं विचारलं. बँकेच्या नियमात तसं नव्हतं हे उत्तर माझ्याजवळ होतं. ते खरंही होतं. पण मला ते देता आलं नाही. म्हैस तीन हजारांची होती. कॉलेजचं कर्ज 2 लाख 80 हजारांचं होतं, आणि त्याच्यासोबत एका मुलाची तीन वर्षं गेली होती.

मी स्वतः कॉलेज कसं निवडलं? खरं तर मी निवडलंच नाही. आमचं गाव मानवत रोड स्टेशनपासून दीड कोसावर. 1977 साली बारावी झालो तेव्हा वडिलांनी रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवलं. मीटरगेजची गाडी सकाळी परभणीला पोचवणार आणि संध्याकाळी परत आणणार. ज्या कॉलेजची घंटा या गाडीला जुळेल ते आपलं कॉलेज, असा साधा हिशेब. पास काढला, संपलं. आज वाटतं, त्या अडाणी हिशेबातही वडिलांनी दोन गोष्टी तर नीट पाहिल्या होत्या: लेकराला रोज जाता येईल का, आणि शेवटच्या वर्षापर्यंत आपल्याला परवडेल का. तिसरी गोष्ट नशिबानं मिळाली. अर्थशास्त्र शिकवणारे आमचे सर गाडी लेट आहे असं कळलं की तास अर्धा तास पुढं ढकलायचे. स्टेशनवरून धावत येणाऱ्या आम्हा सात-आठ पोरांसाठी ते वर्गात थांबून राहायचे. मी बँकेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालो तो त्या थांबण्यामुळे, असं मी आजही मानतो.

आमच्या आधीच्या पिढ्यांना तर निवडीचा प्रश्नच नव्हता. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केलं. तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. तिथं वसतिगृहांचाही विचार झाला होता, कारण खेड्यातला गरीब मुलगा राहणार कुठं याचं उत्तर नसेल तर कॉलेजचं दार उघडं असून उपयोग नाही. त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. तिथं पुढं नरहर कुरुंदकर शिकवत. आमच्यातले काही जण नांदेडला गेले ते त्या माणसाचं नाव ऐकून. इमारत कशी आहे हे कुणी विचारलं नव्हतं. मराठवाडा विद्यापीठ 1958 साली आलं, परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 साली, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला 2023 साल उजाडलं. एकेका दारासाठी इथल्या माणसांनी किती वाट पाहिली, हे या सालांवरूनच दिसतं. आज दारं पुष्कळ आहेत. म्हणूनच कोणत्या दारातून आत जायचं हे बघण्याची नजर लागते, आणि ती आम्हाला कुणी शिकवली नाही.

ही नजर मी शिकलो ती एका मुलीकडून. 2024 साली माझ्या थोरल्या बहिणीची नात बारावी झाली. सेलूची पोर, शेतीशास्त्रात जायचं म्हणून हटून बसलेली. माझा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही बँकेत होता, तुम्हाला कागद कळतात. दोन कॉलेजांची नावं निघालीत. काय करायचं सांगा." मी म्हटलं, "कागद मी बघीन. पण आधी जाऊन बघू." ऑगस्टातला मंगळवार निवडला. प्रवेशाच्या याद्या लागायच्या होत्या आणि वरच्या वर्गांचे तास सुरू झाले होते. कुणालाही आधी कळवलं नाही.

दोन्ही कॉलेजांची नावं लिहीत नाही. नावापेक्षा काय पाहिलं ते महत्त्वाचं. पहिलीकडे कमान मोठी, फरशी चकचकीत. कार्यालयातल्या गृहस्थांनी चहा दिला आणि यशस्वी विद्यार्थ्यांच्या फोटोंची भिंत दाखवली. प्रयोगशाळा बघू म्हटल्यावर कळलं, किल्ली ज्यांच्याकडे आहे ते बाहेरगावी गेलेत. खिडकीतून सूक्ष्मदर्शक दिसत होते, अजून कारखान्याच्या प्लास्टिकमध्ये. फळ्यावर सहा प्राध्यापकांची नावं होती, हजर दोन होते. आमची पोर मुलींच्या घोळक्यात जाऊन बसली. तिनं एकीला विचारलं, "परीक्षेच्या आधी अडलं तर कुणाला विचारता?" ती मुलगी हसून म्हणाली, "यूट्यूबला."

दुसरं कॉलेज जुनं. भिंतींचा गिलावा सुटलेला, संडासाची अवस्था बेताची. मला ते पाहून थोडं वाईटच वाटलं. पण मागच्या शेतात तीसेक मुलं-मुली गुडघाभर चिखलात होती आणि त्यांचे सरही पँट दुमडून त्यांच्यात होते. वसतिगृहातल्या मुली म्हणाल्या, जेवण पांचट असतं. पण रात्री कुणी आजारी पडलं तर मॅडम फोन उचलतात. परतीच्या एसटीत मी इमारतीबद्दल कुरकुरत होतो. पोर म्हणाली, "आजोबा, मी तिथल्या एकीची प्रॅक्टिकलची वही बघितली. पानापानावर लाल शाई होती. सरांनी चुका काढून खाली लिहिलं होतं. पहिल्या कॉलेजातल्या वहीत नुसत्या सह्या होत्या."

इतकी वर्षं फायली तपासलेल्या माणसाला जे सुचलं नाही ते त्या अठरा वर्षांच्या मुलीला सुचलं. तिनं दुसरं कॉलेज घेतलं.

तेव्हापासून मला विचारायला येणाऱ्यांना मी पाच गोष्टी सांगतो. शिकवणारी माणसं किती आहेत आणि टिकतात का. गेल्या दोन वर्षांत कोण सोडून गेलं, हे शिपायालाही ठाऊक असतं. प्रयोगशाळा, कार्यशाळा, ग्रंथालय वापरात आहे का. वापरातली वस्तू थोडी झिजलेली, डागाळलेली असते, नवी कोरी दिसली तर शंका घ्या. तिसरी गोष्ट, मुलगा किंवा मुलगी राहणार कुठं आणि जाणार-येणार कशी. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचा भार हलका झाला. पण शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि शेवटचा तास किती वाजता संपतो हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहून बघा. चौथी गोष्ट, पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी शेवटच्या वर्षापर्यंत किती पोचले. भिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात, मधूनच वळकटी घेऊन गेलेल्यांचे नसतात. आणि पाचवी, पूर्ण खर्च.

या पाचव्या गोष्टीवर बँकवाला म्हणून थोडं सविस्तर सांगतो. लोक पहिल्या वर्षाची फी विचारतात. खर्च धरायचा तो शेवटच्या दिवसापर्यंतचा: फी, राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं, परीक्षा. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी 1 लाख असं 4 लाखांचं कर्ज 10 टक्के व्याजानं घेतलं. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. सरळ व्याज धरलं तरी तोवर 1 लाख 40 हजार चढतात. पुढं सात वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे 9 हजारांचा हप्ता बसतो. त्या कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांना गाठा आणि पहिला पगार किती मिळाला ते विचारा. त्या पगारातून 9 हजार काढून उरलेल्या पैशात शहरात राहता येत असेल तरच सही करा.

सवलतींची माहितीही आधीच घ्यावी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून महाराष्ट्रात पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याहून जास्त कुणी मागितलं तर कशाबद्दल ते लेखी मागा. देणगी घेऊन प्रवेश देण्याला या राज्यात 1987 पासून कायद्यानं बंदी आहे. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 साली स्पष्ट केलं आहे. आमच्याकडचे पालक या एका भीतीपोटी चुकीच्या जागी मूल तसंच राहू देतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

'नॅक'चा दर्जा काय आहे, असंही विचारतात. ही मूल्यांकन करणारी संस्था 1994 पासून आहे आणि तिचा दर्जा बघावाच. पण तो कायमचा नसतो, मुदत संपलेली नाही ना ते पाहावं. शिवाय 2025 च्या फेब्रुवारीत तपासणीला गेलेल्या एका समितीतल्या सदस्यांनाच सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात अटक केली होती. तेव्हा शिक्का बघा, आणि त्यानंतर स्वतःही जाऊन बघा. प्रवेशाच्या दिवसांत रांगोळी काढलेलं कॉलेज म्हणजे बाजारातली तुंबलेली कास. खरं दूध कळतं ते साध्या दिवशी, दोन वेळा धार काढल्यावर.

कुणी म्हणेल, आमच्यासारख्याला चारशे किलोमीटर जाणं परवडतं का? दोन माणसांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी. ज्या घरातून लाखांचा व्यवहार होणार आहे त्या घरानं एवढा खर्च वाचवू नये. आणि जाताना मुलाला-मुलीला घेऊन जावं. आपण इमारत बघतो, ती वही बघतात.

माझ्या त्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा आज मानवतला मोटारी रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. बापाच्या माघारी त्यानंच एकेक हप्ता भरून 2015 साली कर्ज फेडलं. गेल्या उन्हाळ्यात आमची बोअरची मोटार त्याच्याकडे नेली होती. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता तो म्हणाला, "साहेब, गावातले लोक म्हणतात मी शिकलो नाही. मला शिकायचं होतं हो. तिथं शिकवायलाच कुणी नव्हतं." मोटारीचे पैसे तो घेत नव्हता. मी बळेच दिले.

म्हणून परवा मोंढ्यात त्या सोयाबीनवाल्या गृहस्थांना मी पिशवी खाली ठेवायला लावली आणि ही म्हशीची हकीकत सांगितली. म्हटलं, पेरणी उरकली की पोरीला घेऊन एक दिवस पुण्याकडे जाऊन या. मंगळवारी-बुधवारी जा, कुणाला न सांगता जा, आणि तिथल्या पोरींना विचारू द्या तिला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पिशवी पुन्हा खांद्यावर घेतली.

"म्हणजे दोन्ही टायमाची धार बघूनच या म्हणा की," ते म्हणाले, आणि पोरीला फोन लावत दुकानाची पायरी उतरले.